रुळांवर काम करणाऱ्यांसाठी बॅटरीचा कंदील बनवतोय, सल्ले हवेत

पत्रेवाला_डोंबिवली | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

माझी डोंबिवली एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे, चार माणसं आणि दोन प्रेस. बाबा रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी हातबत्ती जमा केली आणि पुढच्याच महिन्यात चोरबाजारात जाऊन तसलीच एक विकत आणली. आईचा त्यावरचा शेरा इथे देत नाही.

ती बत्ती रॉकेलची. आत फिरणारं नळकांडं, त्याला एक लाल काच, एक हिरवी, तिसरी खिडकी साधी. समोर जाड भिंग. वरून फिरवलं की रंग बदलतो. वात कापणं, काजळी पुसणं, वाऱ्याने विझली की पाठ करून पुन्हा पेटवणं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मागच्या महिन्यात अमेरिकेतून मामेभाऊ आला. तो न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला असतो. तिथल्याच 'स्टार हेडलाइट अँड लँटर्न' कंपनीचा एक जुना बॅटरीचा कंदील त्याने माझ्यासाठी आणला. मी अर्थातच पहिल्याच रात्री उघडला. वर पत्र्याचा डबा, त्यात ६ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते, तीच डोक्यावर दोन स्प्रिंगा असलेली, आत १.५ व्होल्टचे चार सेल. बल्ब खाली, तारांच्या पिंजऱ्यात, आणि प्रकाश पडतो तोही खालीच. भिंग नाही, काच नाही, लांब झोत नाही. बल्बच्या जागा दोन, एक गेला तर खटका दुसरीकडे करायचा. कडी मात्र एवढी मोठी की कोपरापर्यंत हात आत जातो.

पहिल्यांदा वाटलं, हा काय कंदील? याने तर चार पावलांपुढचं दिसत नाही. मग गच्चीतला दिवा बंद करून बायकोला हा कंदील हलवायला सांगितला, मी समोरच्या इमारतीच्या गच्चीत गेलो. तेव्हा कळलं. हा कंदील बघण्यासाठी नाहीच, दिसण्यासाठी आहे. कुठूनही बघा, हालचाल कळते. पायाखालचे स्लीपर दिसतात ते वरचं बक्षीस.

आता मुद्दा. माझा पुतण्या ट्रॅक मेंटेनर आहे. रात्रीच्या ब्लॉकला, म्हणजे शेवटची लोकल गेल्यावर कामासाठी लाईन बंद ठेवतात तेव्हा, तो टॉर्च दातात धरून पाना फिरवतो. मला त्याच्यासारख्यांसाठी कंदील बनवायचाय. डोक्यात आहे ते असं: पांढरा, लाल, हिरवा एलईडी, चार्ज होणारी बॅटरी, एक रात्र पुरला पाहिजे, पावसात चालला पाहिजे, किलोच्या आत वजन. तज्ज्ञांनी झोडपावं.

लोहारचाळ | रात्री १०:३१

दोनशे रुपयांत चायना टॉर्च मिळते. लाल-हिरवा-पांढरा-डिस्को सगळे मोड. नवीन काय बनवायचं त्यात?

पत्रेवाला_डोंबिवली | रात्री १०:४०

तीच पुतण्याच्या दातात असते. दोन पावसाळे एकही टिकलेली नाही.

सांधेवाला | रात्री ११:४८

धागा आवडला. मी यार्डात सांधेवाला (रुळांचे सांधे बदलणारा) होतो, नंतर गार्ड. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचं. पगार तोच.)

पत्रेवालेसाहेब, तुमचं 'दिसण्यासाठी' पटलं, पण एक घोळ होतोय. अमेरिकेत कंदिलाची भाषा मुख्यतः हालचालीची. रुळांना आडवा हलवला की थांब, वर-खाली केला की चल, गोल फिरवला की मागे घे. रंग पांढराच. म्हणून त्यांना सगळीकडून दिसणारा उघडा बल्ब पुरतो. आपल्याकडे भाषा रंगाची आणि हालचालीचीही. लाल दाखवली की थांब. हिरवी स्थिर धरली की चल, हिरवी सावकाश वर-खाली केली की जपून चल. शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे-इंजिन इकडून तिकडे हलवताना, पुन्हा वेगळं: हिरवी वर-खाली म्हणजे माझ्यापासून लांब जा, हिरवी अंगासमोर आडवी म्हणजे माझ्याकडे ये.

आणि सर्वांत महत्त्वाचं, लाल बत्ती नसेल तर पांढरी अंगासमोर आडवी, जोरजोरात हलवायची. म्हणजे थांब. नियमात आहे. म्हणून तुमच्या कंदिलात लाल बिघडली तरी पांढरी चालली पाहिजे आणि पांढरी बिघडली तरी लाल. दोन्ही एकाच सर्किटवर टाकलेत तर तुमच्या अमेरिकन कंदिलातले दोन बल्ब तुम्हाला काहीच शिकवून गेले नाहीत असं म्हणेन.

दुसरं. लुकलुकणारा मोड अजिबात नको. इंजिनावर पिवळा फ्लॅशर लागला की शेजारच्या लाईनवरच्या गाडीने थांबायचं असतं. गाडीच्या शेपटाचा लाल दिवाही लुकलुकतो. तुमच्या कंदिलाने त्यात तिसरी भानगड घालू नये. चायना टॉर्चचा 'डिस्को' हा विनोद नाही, लोहारचाळ साहेब.

लोहारचाळ | रात्री ११:५५

चूक झाली काका. वाचतोय.

ओहमचा_नियम | शनिवार, सकाळी ७:२०

रंगाबद्दल. बरेच जण जुन्या हातबत्तीत रॉकेलच्या जागी पांढरा एलईडी बसवतात आणि काचा त्याच ठेवतात. तसं करू नका. रॉकेलची ज्योत पिवळी-तांबूस, तिच्यात लाल भरपूर आणि निळा जवळजवळ नाही. म्हणून जुनी हिरवी काच मुद्दाम निळसर करत, तेव्हा कुठे पिवळ्या ज्योतीपुढे ती हिरवी दिसे. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा एलईडी आणि वर पिवळा लेप. त्याच्यापुढे ती काच निळीच भासते. आणि या एलईडीत गडद लाल कमी, त्यामुळे लाल काचेतून जेमतेम उजेड येतो. तेव्हा लाल म्हणजे खरा लाल एलईडी, ६२० ते ६३० नॅनोमीटरचा. हिरवा खरा हिरवा, ५२० ते ५३०. समोरची काच पारदर्शक.

मंद करायला पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी भासवणं) वापरत असाल तर सावध. स्वस्त सर्किटात दिवा सेकंदाला दोनशे वेळा चालू-बंद होतो. स्थिर धरला तर कळत नाही, हलवला की उजेडाच्या रेघेचे ठिपके पडतात. हालचालीनेच बोलणाऱ्या बत्तीला हे चालणार नाही.

गणिती_गिरगाव | सकाळी ९:०५

ओहमभाऊ, ठिपक्यांचं जरा मोजून बघू. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने हलला आणि दिवा सेकंदाला २०० वेळा चमकला, तर दोन ठिपक्यांत १५ मिलिमीटर. चांगल्या डोळ्याला १ कला (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनातलं अंतर वेगळं दिसतं. ६०० मीटरवर ते होतं साधारण १७ सेंटिमीटर. म्हणजे लांबच्या मोटरमनला ठिपके दिसणारच नाहीत, अखंड रेघच दिसेल. पण ३० मीटरवर तोच कोन ९ मिलिमीटरचा. तिथे दिसतील. थोडक्यात तक्रार शंटिंगपुरती खरी, मेन लाईनवर नाही.

ओहमचा_नियम | सकाळी ९:४०

मान्य. पण शंटिंग हेच तर हालचालीचं काम. शिवाय हल्ली सगळीकडे कॅमेरे, त्यांना ठिपके हमखास दिसतात. स्थिर करंटचं सर्किट टाका, दहा-वीस रुपयांचा फरक.

रात्रपाळी | सकाळी ११:१६

आत्ता ड्युटीवरून आलो, झोपण्याआधी लिहितो. मी ट्रॅकवरच आहे. तुम्ही सगळे उजेडावर बोलताय, मी हातावर बोलतो.

ब्लॉकला जाताना एका माणसाकडे पाना, हातोडा, कधी जॅक, पाण्याची बाटली. पावसाळ्यात वर रेनकोट. हातमोजे ग्रीसचे. बत्तीचं बटण करंगळीच्या नखाएवढं असेल तर ते बटण नाहीच. मोठा, फिरवायचा खटका हवा, आणि अंधारात बोटाला कळलं पाहिजे की आत्ता लालवर आहे की हिरव्यावर. लालला काटा, हिरव्याला गुळगुळीत, काहीही करा. आणि सगळ्यात मोठं: बंदवरून फिरवताना पहिला रंग लाल लागू दे. घाईत चुकून हिरवी लागली तर काय, ते मी लिहीत नाही.

खाली ठेवायची म्हटलं तर खडी. खडीवर सपाट बुडाची वस्तू उभी राहत नाही. तीन पाय करा, किंवा बूड रुंद आणि जड. रुळावर ठेवायची सवय लोकांना आहे, ती घालवता येणार नाही, म्हणून बूड धातूचं नको. ब्लॉक जॉइंटवर, म्हणजे जिथे दोन रुळांमध्ये इन्सुलेशनची पट्टी असते तिथे, पत्र्याचं बूड ठेवलं की दोन्ही रूळ जोडले जातात आणि ट्रॅक सर्किट (रुळांतल्या करंटवरून गाडी आहे की नाही ते ओळखणारी यंत्रणा) गोंधळतं. पट्टी काही मिलिमीटरचीच असते. तुमचा अमेरिकन कंदील दिसायला छान आहे, पण पत्र्याचा आहे.

कुणी लोहचुंबकाचं सुचवायच्या आधी सांगतो. एकाने आमच्याकडे चुंबक लावलेली टॉर्च आणली होती, रुळाला चिकटवायला. आठवड्यात तिला दाढी आली. रूळ आणि चाकं झिजून जो लोखंडाचा चुरा पडतो तो सगळा तिने गोळा केला. तो चुरा मग खटक्यात गेला.

आणखी एक. वर २५ हजार व्होल्टची तार असते, तिच्यापासून २ मीटरच्या आत काहीही न्यायचं नाही. खांबावर, काठीवर अडकवायची सोय देऊ नका. दिलीत की कुणीतरी ती बांबूला बांधणारच.

पत्रेवाला_डोंबिवली | दुपारी १२:०२

रात्रपाळी, दंडवत. चुंबक माझ्या यादीत होतं, खोटं कशाला सांगू. बूड रबराचं करतो. झोपा आता.

मीनाक्षी_परळ | दुपारी २:३०

मी डोळ्यांच्या तपासणीचं काम करते. दोन गोष्टी.

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो आणि झगझगीत पांढऱ्या उजेडात क्षणभर बघितलं की ती कमाई जाते. हेडलॅम्पचं सगळ्यांना कौतुक, पण हेडलॅम्प घातलेला माणूस ज्याच्याकडे वळतो त्याच्या डोळ्यात उजेड मारतो. कंदील कमरेखाली असतो आणि खाली प्रकाश टाकतो, म्हणून कुणालाच त्रास नाही. जुन्या अमेरिकन रचनेत मला हेच शहाणपण वाटतं. खालचा पांढरा उजेड मंद आणि जरा पिवळट ठेवा.

दुसरी, थोडी अवांतर. रेल्वेत भरतीला रंगांचे ठिपके असलेले इशिहाराचे तक्ते दाखवतात, आणि काही पदांना एड्रिज-ग्रीन नावाच्या कंदिलावरही तपासतात. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून लाल, हिरवे दिवे ओळखायचे. म्हणजे नोकरीची सुरुवातच कंदिलाने.

सांधेवाला | दुपारी ३:१०

मीनाक्षीताई, त्या खोलीत मला घाम फुटला होता. हिरवा समोर असताना दोनदा विचार करून हिरवा म्हणालो.

कसाऱ्याचा_पाऊस | दुपारी ४:४५

बॅटरीवर कुणीच भांडत नाही म्हणून मी सुरू करतो. चार्जिंग विसरा, साधे मोठे सेल वापरा. घाटात पावसाळी गस्तीला गेलेल्या माणसाला प्लग कुठून मिळणार? १:३७ चा (३७ मीटरला १ मीटर) चढ, बाजूला ओला डोंगर, दरड कधी येईल नेम नाही. सेल संपले तर खिशातले दुसरे टाकायचे. कसाऱ्याच्या टपरीवरही मिळतात.

ओहमचा_नियम | दुपारी ५:०८

तसेच राहिलेले सेल फुगून कंदिलातच गळतात, स्प्रिंगा हिरव्या पडतात. ऐन वेळी बत्ती लागत नाही ती बहुतेक वेळा या कारणाने.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२७०० मापाचा एकच सेल घ्या. ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास, म्हणजे साधारण १९ वॉट-तास. १ वॉटचा दिवा आणि सर्किटमधली गळती धरून १६ तास मिळतात. मोबाईलमधल्या लिथियमपेक्षा पेट घेण्याची भीती बरीच कमी, आणि दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होतो.

पण त्याचा एक अवगुण सांगतो, जो जाहिरातीत नसतो. जुना सेल मरताना सांगून मरायचा. उजेड पिवळा, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखा. माणसाला अंदाज यायचा. हा सेल शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच व्होल्ट देतो आणि एकदम जातो. म्हणून सूचना कंदिलानेच दिली पाहिजे. माझा सल्ला: पाचवा हिस्सा उरला की पांढरा दिवा आपोआप अर्धा व्हावा, आणखी खाली गेला की पांढरा बंद, लाल मात्र शेवटच्या थेंबापर्यंत चालू. राखीव पेट्रोलसारखं.

सांधेवाला | दुपारी ५:३०

थांबा. लाल नसताना पांढरी हलवायची, हे मी वर लिहिलंय. तुम्ही पांढरी कापून टाकलीत आणि लाल एलईडीच गेला असेल तर?

ओहमचा_नियम | दुपारी ५:५२

बरोबर. मग 'बंद' नको. पांढरा आपोआप मंद होईल, पण खटका दाबून धरला की पूर्ण लागेल. आणि लालचे दोन एलईडी, वेगवेगळ्या तारांवर.

कसाऱ्याचा_पाऊस | संध्याकाळी ६:१५

हे सगळं मान्य, पण प्लगचं उत्तर अजून आलेलं नाही.

रात्रपाळी | संध्याकाळी ७:४०

उठलो. प्लगचं मी सांगतो. चार्जिंगच्या बत्त्या मिळाल्या की चार्जर एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या ताब्यात. तो रजेवर गेला की सगळ्या बत्त्या शोभेच्या. सेल बाहेर काढता आला पाहिजे, म्हणजे दोन सेल, एक कंदिलात आणि एक चार्जिंगला. आणि घाटासाठी त्याच खोबणीत तीन साधे सेल बसतील असं एक नळकांडं द्या. दोघांचं भांडण मिटेल.

(दोघांचं मिटणार नाही हे मला माहीत आहे.)

गणिती_गिरगाव | रात्री ८:२२

मिटणार नाहीच. तीन साधे सेल म्हणजे ४.५ व्होल्ट आणि तो लिथियमवाला ३.२. सर्किट दोन्हीला झेपेल असं करावं लागेल. ओहमभाऊ, कामाला लागा.

पत्रेवाला_डोंबिवली | रविवार, सकाळी ८:१५

पाण्याबद्दल माझा अनुभव. बाहेरच्या एका गिऱ्हाइकासाठी पूर्ण बंद डब्याचे दिवे केले होते, रबरी गॅस्केट, दहा स्क्रू. पावसात चालू ठेवून बंद केले की आतली गरम हवा थंड होऊन आकसते आणि गॅस्केटच्या फटीतून पाणी आत ओढते. हवा सुटायला वाटच नव्हती. शेवटी पाण्याला अडवणारी पण हवेला जाऊ देणारी बारीक जाळीची गुंडी बसवली, मग थांबलं. या कंदिलालाही तीच. मुंबईच्या दमट हवेत जो म्हणतो 'माझा डबा हवाबंद आहे' त्याच्या भिंगावर आतून थेंब बघून घ्यावेत.

संपादक मंडळ | सकाळी ११:००

एक प्रतिसाद (बनवलेला लाल कंदील स्टेशनजवळ 'टेस्ट' करण्याबद्दलचा) काढून टाकला आहे. रुळांजवळ लाल दिवा हलवणं म्हणजे गाडी थांबवणं. कृपया असं सुचवू नये.

सांधेवाला | सकाळी ११:२५

संपादकांना अनुमोदन. पत्रेवालेसाहेब, हेही बोलायला हवं होतं, आधी राहून गेलं. सिग्नलचा दिवा कुणीही घरी बनवून वापरायचा नसतो. रेल्वेच्या वस्तूंची मानकं लखनौची आरडीएसओ ठरवते. पुतण्याने तुमचा कंदील सिग्नल म्हणून दाखवला आणि काही झालं, तर चौकशीत पहिला प्रश्न येईल, ही बत्ती कुणी दिली? प्रेमाने दिलेली वस्तू त्याच्याच अंगाशी येईल. त्याला द्यायचा तर पांढरा, कामाच्या उजेडाचा द्या. लाल-हिरव्याचा नमुना टेबलावर ठेवा, कागदपत्रं करा, योग्य दारातून जा.

पत्रेवाला_डोंबिवली | दुपारी १:०५

वाचून अर्धा तास गप्प बसलो. बरोबर आहे तुमचं. पुतण्याचा कंदील फक्त पांढरा. रंगाचा वेगळा.

लोहारचाळ | दुपारी १:२०

वाचनखूण साठवली. एलईडी आणि सेल माझ्याकडून घ्या, घाऊक भावात. चायना टॉर्चचं प्रायश्चित्त.

पत्रेवाला_डोंबिवली | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५०

पहिला नमुना झाला. बूड रबराचं, तीन बुटके पाय. वर काळ्या प्लास्टिकचा डबा, त्यात एक सेल. खाली पिवळट पांढरे एलईडी, भोवती स्टीलच्या तारांचा पिंजरा, ताराही रबराने मढवल्यात. वजन ६४० ग्रॅम. परवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली तासभर धार धरली, आत कोरडं.

पुतण्याने एक रात्र कामाला नेला. म्हणाला, काका, पहिल्यांदा दोन्ही हातांनी पाना फिरवला. तक्रार एकच, पिंजऱ्याच्या तारांची सावली नेमकी नटावर पडते. पुढच्या नमुन्यात तारा चारऐवजी तीन आणि एलईडी जरा पसरून लावतो.

रंगीत नमुना बाबांच्या हातात दिला, घरातच. त्यांनी खटका बंदवरून फिरवला. लाल लागली. पुन्हा बंद केला, पुन्हा फिरवला, डोळे मिटून. मग उभे राहून हिरवी लावली आणि दिवाणखान्यात सावकाश वर-खाली केली. कडी लटपटत होती म्हणून कंदील हाताच्या मागे राहत होता, ते त्यांना लगेच कळलं. म्हणाले, कडी उभी केली की अडकून बसली पाहिजे, नाहीतर मी एक दाखवीन आणि मोटरमनला दुसरंच दिसेल.

मग ती कडी कोपरात घालून बघितली. मनगटापुढे गेली नाही.

"लहान झाली रे," म्हणाले, आणि अमेरिकन कंदील काढून मला मोजायला लावला. सव्वासहा इंच भरली. माझी साडेचार.

रात्रपाळी | रात्री १०:१०

रेनकोटाच्या बाहीवरून मोजा. पावसाळ्यात सव्वासहाही पुरणार नाही.